दवाखान्यात १६८, घरी १२६ : गोळी सुरू करू का?

डॉक्टर, नमस्कार.

वय ५४, बार्शीत राहते, माध्यमिक शाळेत शिकवते. शुगर नाही, किडनीचा त्रास नाही, रोजची म्हणून कसली गोळी नाही. दोन महिन्यांपूर्वी गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात गेले, तिथे बीपी १६८/९८ निघालं. पंधरा दिवसांनी पुन्हा १७२/१००, नाडी १०४. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० लिहून दिली. मुलाने पुण्याहून मशीन पाठवलं. त्यावर घरी १२६/८०, १३०/८२ असंच येतं. फक्त एका रात्री छातीत धडधडलं म्हणून पट्टा लावला तर १५८ आलं. मग दर पाच मिनिटांनी लावत पहाटेपर्यंत बसून राहिले.

गोळ्यांचं पाकीट अजून कपाटातच आहे. एकदा सुरू केली की सुटत नाही, असं जाऊबाई म्हणतात. यजमान म्हणतात, तुझं सगळं मनाचं आहे, माझं बघ, तंबाखू खाऊनही बीपी १२८! खरं सांगायचं तर माझे वडील अर्धांगवायूने गेले. मी बारावीत होते. डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि काहीच बोलले नाहीत. तो चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. आता पट्टा फुगायला लागला की माझे कान तापतात.

कोणतं बीपी खरं मानू? गोळी घेऊ की नको? घरच्या आकड्यांची वही दाखवली तर डॉक्टरांना राग येईल का?

ता. क. उपवासाला सैंधव मीठ वापरतो. रोजच तेच वापरलं तर बीपीला बरं का?

— एक शिक्षिका, बार्शी

*

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं तिथेच अडलंय. वही दाखवा, बिनधास्त दाखवा. दवाखान्यात मिनिटभरात घेतलेल्या एका आकड्यावर वर्षानुवर्षांच्या गोळीचा निर्णय घेणं डॉक्टरांनाही अवघडच जातं, त्यामुळे नीट लिहिलेली वही त्यांना हवीच असते. वैताग येतो तो मोबाइलमधले मशीनचे साठ फोटो एकामागून एक सरकवत दाखवणाऱ्यांचा. एक पान, तारीख, वेळ, वरचं, खालचं, नाडी. एवढं पुरे. आणि डॉक्टर चिडलेच, तर मिनिटभर चिडतील. इतकी वर्षं मुख्याध्यापकांना तोंड दिलंत, हेही जमेल.

आता कोणतं खरं? दोन्ही. १६८ आलं तेव्हा तुमच्या रक्तवाहिन्यांत खरोखरच तेवढा दाब होता, यंत्राने थाप मारलेली नाही. इटलीत मिलानमध्ये जुझेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला आणि १९८३ मध्ये तो प्रसिद्ध केला. रुग्णालयात दाखल असलेल्या माणसांच्या धमनीत बारीक नळी घालून त्यांनी दाब सतत नोंदवत ठेवला, आणि मग डॉक्टरांना बीपी मोजायला त्यांच्या खाटेपाशी पाठवलं. डॉक्टर आल्यावर पहिल्या चार मिनिटांत वरचा दाब सरासरी २७ने आणि खालचा १५ने चढला, नाडीही पळू लागली. भेट संपेपर्यंत तो बराचसा उतरलाही. पुढे त्याच गटाने डॉक्टरऐवजी नर्सला पाठवून पाहिलं, तर वाढ साधारण निम्म्यावर आली. यातले काही रुग्ण बीपीचे होते, काही नव्हते. चढ जवळपास सगळ्यांचाच झाला, कुणाचा थोडा, कुणाचा बराच.

तेव्हा यजमानांना सांगा, 'मनाचं आहे' हे म्हणणं अर्धवट आहे. भीती मनात सुरू होते, पण अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात आकुंचन पावतं, रक्तवाहिन्या आवळतात. हे ठरवून करता येत नाही आणि ठरवून थांबवताही येत नाही. तुमची १०४ची नाडी हेच सांगते. दवाखान्यात १४०/९०च्या वर आणि बाहेर मात्र ठीक, अशा बीपीला 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' म्हणतात. दवाखान्यात बीपी जास्त आढळलेल्या दर शंभरांत पंधरा ते तीस जण या गटातले निघतात. म्हणजे बाकावर तुमच्या आजूबाजूला बसलेल्यांतही दोघे-चौघे असणार.

पण निर्णय कोणत्या आकड्यावर घ्यायचा? मेंदू, हृदय आणि किडनी यांना दिवसाचे चोवीस तास जो दाब सोसावा लागतो, त्यावर. दवाखान्यातली पाच मिनिटं त्या चोवीस तासांची प्रतिनिधी नसतात. घरची १२६ आणि १३० असू शकतात, फक्त ती कशी मोजलीत यावर सगळं आहे. तुमच्या पत्रात ते नाही, म्हणून हा भाग जरा लांबवतो.

आधी यंत्र. दंडाला लावायचा पट्टा असलेलंच हवं, मनगटाचं नको. मॉडेल तपासून प्रमाणित केलेलं आहे का, हे स्ट्राइड बीपी या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येतं. मुलाला दोन मिनिटं लागतील. दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा. सोबत मिळणारा पट्टा बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल, तर आकडा उगाच दहा-वीसने वर जातो. दवाखान्यातही हेच लागू, आणि तिथे एकच पट्टा सगळ्या गावाच्या दंडांना पुरवलेला असतो, हे तुम्ही-आम्ही दोघंही जाणतो. पुढच्या वेळी जाताना तुमचं मशीन सोबत न्या, त्यांच्या यंत्राशेजारी लावून बघा. फरक पाचाच्या आत राहिला तर निश्चिंत व्हा.

दुसरं, ब्लाउजची बाही. घट्ट बाही वर सरकवून पट्टा बांधला तर ती बाहीच दंडाला फासासारखी आवळते. सकाळी गाऊनवर असतानाच मोजा, दंड उघडा ठेवून. लघवीला जाऊन या. चहाआधी मोजा. चहा झालाच असेल तर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या उंचीला येईल. हात मांडीवर ठेवला तर वरचं बीपी साधारण चारने, आणि नुसता खाली सोडला तर सहा-सातने जास्त दिसतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे मोजून दाखवलं. मग पाच मिनिटं काहीही करायचं नाही. मोबाइल नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजणं नाही, 'अहो, दूध आलं का बघा' नाही. बोलण्यानेही दाब चढतो. म्हणूनच दवाखान्यात डॉक्टर पट्टा फुगवता फुगवता 'मग, यंदा दहावीचा निकाल काय लागला?' विचारतात, तेव्हा हसून म्हणा, 'झालं की सांगते.'

सलग सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांत मिनिटभराचं अंतर. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं बीपी बघा आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे धरा. आला तो आकडा लिहा. आवडला नाही म्हणून खोडायचा नाही आणि चांगला येईपर्यंत मोजत बसायचंही नाही. सातवा दिवस संपला की पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. गणिताच्या बाईंकडून काढून घेतलीत तरी चालेल.

सरासरी १३५/८५च्या खाली आली तर तुमचं बीपी दवाखान्यापुरतं वाढतं, असं धरायला जागा आहे. १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, मग ते वरच्या आकड्यामुळे असो की खालच्या, तर हे खरंच बीपी आहे आणि दवाखान्यातल्या भीतीने त्यात भर घातली एवढंच. घरची मर्यादा दवाखान्याच्या मर्यादेपेक्षा कमी असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. घरी १३८ आलं की '१४०च्या आत आहे' म्हणून खूश होतात. आणि 'वय अधिक शंभर एवढं वरचं बीपी चालतं' हा हिशेब तुमच्याही कानावर आला असेल, तर तो विसरून जा. चोपन्नाव्या वर्षी १५४ चालत नाही.

सरासरी अगदी काठावर आली, किंवा डॉक्टरांचं समाधान झालं नाही, तर चोवीस तासांचं बीपी नोंदवणारी तपासणी असते. कमरेला लहानसं यंत्र आणि दंडाला पट्टा लावून तुम्ही घरी जाता, शाळेतही जाता. दिवसा दर पंधरा-वीस मिनिटांनी आणि रात्री अर्ध्या तासाने पट्टा आपोआप फुगतो. रात्री झोपमोड होते, हे आधीच सांगून ठेवतो. पण झोपेतलं बीपी कळण्याचा हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि झोपेतही दाब उतरत नसेल तर ते डॉक्टरांना कळायला हवं. चोवीस तासांची सरासरी १३०/८०च्या खाली असावी. सोलापूरला हृदयरोगतज्ज्ञांकडे आधी फोन करून सोय आणि दर विचारून घ्या.

गोळीचं काय? मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे 'घेऊ नका' असं इथून सांगणार नाही. पण पाकीट कपाटात ठेवून डॉक्टरांना अंधारात ठेवणं, हा सगळ्यांत वाईट पर्याय. त्यांना वाटतंय तुम्ही गोळी घेताय. पुढच्या वेळी पुन्हा १७० दिसलं की ते दुसरी गोळी वाढवतील, आणि मग भीतीपोटी तुम्ही एके दिवशी दोन्ही गिळाल. घरी १२६ असणाऱ्या माणसाने दोन-दोन गोळ्या घेतल्या की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. गुडघे दुखणाऱ्या बाईने न्हाणीघरात पडणं मला परवडणारं वाटत नाही. आजच फोन करा आणि सरळ सांगा, 'गोळी अजून सुरू केलेली नाही, घरचे आकडे असे येताहेत, आठवडाभराची वही घेऊन येते, तोवर थांबू का?' शुगर नाही, किडनीचा त्रास नाही आणि घरचे आकडे हे असे, तर बहुतेक डॉक्टर आठवडाभर थांबायला हो म्हणतील.

जाऊबाईंच्या म्हणण्याबद्दल एवढंच, की बीपीच्या गोळीची सवय लागत नाही. ती बरेचदा कायम घ्यावी लागते ते बीपी कायम राहतं म्हणून. वजन आणि मीठ कमी करून गोळीचा डोस उतरलेले लोक मी पाहिले आहेत.

एक गोष्ट मात्र पत्र वाचतानाच मला खटकली. पहिल्यांदा गेलात ती गुडघेदुखीसाठी. तेव्हा मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी चालू होती का? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या बीपी वाढवतात आणि खुद्द दुखणंही वाढवतं. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलेफ्रिनही त्यातलंच. घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असाल (शिक्षकांचा घसा, म्हणून विचारतो), तर तोही फार दिवस घेतल्यास दाब चढवतो. वहीच्या मागच्या पानावर हे सगळं लिहा.

आता त्या रात्रीबद्दल. १५८ आल्यावर तुम्ही पुन्हा मोजलंत, आणि प्रत्येक मोजणीने भीतीत भर टाकली. तशा वेळचे आकडे निर्णयाच्या कामाचे नसतात, ते सरासरीत धरू नका. पण छातीतली धडधड सोडून देऊ नका. नाडी अनियमित वाटली का, किती वेळ चालली, हे डॉक्टरांना सांगा आणि एक ईसीजी काढून घ्या. ठोके अनियमित पडत असतील तर घरच्या यंत्राचा आकडाही चुकू शकतो. मोजायचं ते ठरलेल्या दोन वेळांनाच. एरवी मशीन बॅगेत आणि बॅग यजमानांच्या ताब्यात.

याला अपवाद आहे. छातीत कळ, दम लागणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, अचानक दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं तर मोजत बसायचं नाही. १०८ला फोन आणि थेट मोठं रुग्णालय. यातलं काहीच नाही पण आकडा १८०/१२०च्या वर, तर पाच-दहा मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

समजा, सरासरी चांगली आली. मग सुटलात का? पूर्ण नाही. मिलानजवळच्या मोन्झा गावातल्या लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. ज्यांचं बीपी फक्त दवाखान्यात वाढायचं, त्यांच्यातल्या सुमारे ४३ टक्के लोकांना दहा वर्षांत खरं बीपी लागलं. सगळीकडेच नॉर्मल असणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होतं. २०१९ मध्ये चौसष्ट हजारांवर लोकांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही उपचार न घेतलेल्या या गटाला हृदयविकार आणि तत्सम घटनांचा धोका ३६ टक्क्यांनी जास्त दिसला. तुमच्या वयाला तो मुळात थोडा असतो, म्हणून हा आकडा वाचून घाबरू नका. पण सहा महिन्यांनी सात दिवसांची वही पुन्हा भरा. वर्षातून एकदा साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. पाळी गेल्यानंतर बायकांचं बीपी तसंही वर सरकू लागतं. बाकी चालणं, वजन, झोप हे तुम्ही मुलांना शिकवताच, मी परत शिकवत नाही.

वडिलांबद्दल लिहिलंत, ते लिहायला सोपं गेलं नसेल. तुमच्या शरीराने पट्टा आणि वडिलांचा तो प्रसंग एकत्र बांधून ठेवले आहेत. ही गाठ सैल करता येते, पण समजूत घालून नव्हे, सवयीने. काही दिवस पट्टा नुसता दंडाला बांधा आणि बटण न दाबता बसून राहा, वर्तमानपत्र वाचा. कान तापणं कमी झालं की मग बटण. श्वास चार अंक मोजत आत आणि सहा अंक मोजत बाहेर, असा काही मिनिटं. दवाखान्यात पोचल्या पोचल्या पट्टा नको म्हणा, आधी बाकावर बसा. शक्य तर सिस्टरांकडून मोजून घ्या, आकडा तुमच्याकडे न बघता लिहायला सांगा, आणि दोन-तीनदा मोजून शेवटच्या दोनांची सरासरी धरायची विनंती करा. वडिलांचं डॉक्टरांना जरूर सांगा. एक तर भीतीचं कारण कळेल. दुसरं म्हणजे घरातला अर्धांगवायू हा तुमच्या जोखमीच्या हिशेबात धरावाच लागतो. त्यांना तो कितव्या वर्षी झाला, तेही सांगा. तपासणीला जाण्याआधी झोपेची किंवा 'टेन्शनची' गोळी मात्र परस्पर घेऊ नका. अनेक जण घेतात. आकडा सुंदर येतो आणि काहीच कळत नाही. ही धडधड दवाखान्याबाहेरही गाठत असेल, झोप उडत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि यजमान. दवाखान्यातलं १२८ त्यांनी फार मिरवू नये. तुमच्या उलट प्रकारही असतो, दवाखान्यात चांगलं आणि बाहेर वाढलेलं. त्यात तंबाखूवाले भरपूर सापडतात, कारण प्रत्येक चिमटीनंतर बीपी चढतं आणि डॉक्टरांपुढे बसताना तोंड धुतलेलं असतं. हा प्रकार तुमच्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण त्याच्यावर कुणी उपचारच करत नाही. मशीन घरात आहेच. तुमच्या सात दिवसांबरोबर त्यांचेही सात दिवस होऊन जाऊ द्या, वहीत शेजारचा रकाना त्यांचा.

सैंधवाचं : तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, बीपीला साध्या मिठाइतकंच वाईट, वर त्यात आयोडीन मिळत नाही. रोजच्याला आयोडीनयुक्त मीठच ठेवा, दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा सपाट चमचा. लोणचं, पापड, फरसाण आणि खारे शेंगदाणे त्यातच मोजायचे. बाजारात 'लो सोडियम' म्हणून पोटॅशियमवालं मीठ मिळतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. उद्या टेल्मिसार्टन सुरू झालीच, तर दोन्ही मिळून रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं.